भांडी घासता घासता खारी बघायच्या कशा

खार बघायची म्हणून दुर्बीण घेऊन मुद्दाम झाडाखाली जाऊन उभं राहिलं, की खार हमखास खोडाच्या पलीकडच्या बाजूला जाते. माणसाने डावीकडून वळसा घातला की ती तेवढीच सरकते, मध्ये कायम खोड. तोच माणूस रोजच्यासारखा दोरीवर कपडे वाळत घालत असेल तर तीच खार चार-पाच मीटरवर बसून निवांत शेंग सोलते. अंगणातल्या प्राण्यांना माणसापेक्षा माणसाच्या अनोळखी वागण्याची भीती जास्त. ठरल्या वेळी उघडणारं दार, भांड्यांचा आवाज, शाळेची धांदल हे सगळं काही दिवसांत त्यांच्या लेखी वाऱ्यासारखं होऊन जातं. दबकत चालणं आणि रोखून पाहणं मात्र मांजर करतं. म्हणून निरीक्षणासाठी वेगळा वेळ काढण्यापेक्षा ते घरकामालाच जोडून द्यावं. रोजचं घरकाम हीच लपायची सगळ्यात चांगली जागा आहे.

घरात एक खिडकी अशी असतेच जिथे कुणी ना कुणी रोज पंधरा-वीस मिनिटं उभं असतं. भांडी घासायची जागा, इस्त्रीचं टेबल, अभ्यासाची खुर्ची. ती निवडा. खिडकीला एक कागद चिकटवा, पेन दोरीने बांधून ठेवा (सुटं ठेवलेलं पेन दुसऱ्या दिवशी तिथे नसतं). पहिले तीन-चार दिवस फक्त दोनच गोष्टी लिहा, किती वाजता दिसलं आणि कुठे दिसलं. चौथ्या दिवशी कागदाकडे पाहिलं की खारीची ये-जा समजते. कुंपणाची वरची कड, एक ठरावीक फांदी, भिंतीचा एक कोपरा असे तिचे रस्ते बहुधा ठरलेले असतात. त्या रस्त्यावर नजर ठेवली की बाकी सगळीकडे बघत बसायची गरज उरत नाही.

झाडावरच्या खारी दिवसा हिंडतात. अपवाद उडत्या खारींचा, त्या रात्रीच्या. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि मावळतीआधीचे एक-दोन तास सगळ्यात जास्त हालचालीचे. भर उन्हात खार फांदीवर चारी पाय पसरून पोटावर पालथी पडलेली दिसली तर ती आजारी नाही, अंग गार करते आहे. थंडीत उलट होतं, ऊन वर आल्यावरच ती बाहेर पडते. जोराच्या पावसात आणि वाऱ्यात बघायला बसू नये, ती घरट्यातच असते. सकाळच्या डब्यांची आणि संध्याकाळी घरी परतण्याची वेळ हीच तिची मुख्य वेळ, हा योगायोग घरातल्या माणसांच्या फायद्याचा.

खिडकीजवळ उभं राहताना आतला दिवा बंद करा आणि काचेपासून एक पाऊल मागे राहा. खोली अंधारी असली की बाहेरून आतली हालचाल दिसत नाही. कपड्यांच्या रंगाची फार चिंता नको. बऱ्याच खारींना लाल आणि हिरव्यात नीट फरक करता येत नाही. हात झटकन वर नेला की मात्र सगळं संपतं. दुर्बीण डोळ्यांना लावायची तर आधी ती छातीशी आणा आणि मग सावकाश वर न्या. खिडकीला डासांची जाळी असेल तर दुर्बिणीची भिंगं जाळीला टेकवा, म्हणजे जाळी नजरेतून जवळजवळ नाहीशी होते. फोनचा कॅमेरा काचेला टेकवला की काचेतलं प्रतिबिंबही जातं.

मुलांना "शांत बस" सांगून काही होत नाही, हाताला काम द्यावं लागतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला एकच प्रश्न द्या, शेपूट हलली का? हलली की बोट वर करायचं, बोलायचं नाही. तीन-चार मिनिटं पुरेत, त्यापुढे ताणू नये. सहा ते दहा वर्षांची मुलं रेघा मारून मोजणी उत्तम करतात. एका मिनिटात शेपटीचे झटके किती, एका शेंगेला किती सेकंद. त्याहून मोठ्यांना कॅमेरा द्या. कुत्रा पाळलेला असेल तर त्याची बाहेर जायची वेळ बदलू नका. रोज सातला सुटणारा कुत्रा खारींना पाठ असतो, अवेळी सुटलेला त्यांच्या जिवावर बेततो.

नुसतं "दिसली" लिहू नका

खार काय करते ते ओळखायला शिकलं की तीच खार रोज नवीन वाटते. सुरुवात शेपटीपासून करा. उडी मारताना तोल, ऊन असताना सावली, थंडीत पांघरूण आणि धोका दिसला की झेंडा, असं तिचं काम चालतं. एकाच जागी बसून खार सारखी ओरडते आहे आणि प्रत्येक आवाजाला शेपटीला झटका बसतो आहे, असं दिसलं की तिच्याकडे बघणं थांबवा आणि तिचं तोंड जिकडे आहे तिकडे बघा. तिथे मांजर, शिकारी पक्षी किंवा साप असण्याची शक्यता दाट. बुलबुल, साळुंक्या आणि कावळेही त्याच दिशेला ओरडू लागले तर खात्रीच धरा. मांजर निघून गेल्यावरही खार बराच वेळ ओरडत राहते, आवाज हळूहळू विरळ होतो. या एका खुणेवर जितके प्राणी दिसतात तितके तासभर दुर्बीण फिरवूनही दिसत नाहीत.

खाताना समोरच्या पंजांकडे पाहा. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच. दाणा दोन्ही पंजांत धरून ती तो कुंभाराच्या चाकासारखा फिरवते आणि खालचे दात टोचून टरफलाची फट शोधते. पुढचे कातरणारे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून खाणं नसतानाही ती लाकूड, फांद्या, कधी वाळकं हाडूक कुरतडताना दिसते. हाडातून तिला कॅल्शियमही मिळतं. टरफलं टाकून देऊ नका, वाचा. जाड कवचाचं फळ दोन फाकांत उकललेलं असेल तर बहुधा खारीचं काम, एका बाजूला गोल भोक आणि कडेला दातांचे बारीक ओरखडे असतील तर उंदराचं.

फोनमध्ये सावकाश चित्रणाची सोय असेल तर सेकंदाला १२० किंवा २४० चौकटींवर ठेवून खार झाडावरून डोकं खाली करून उतरताना टिपा. मागच्या पायांचे घोटे ती जवळजवळ उलटे फिरवते, तळवे मागे वळतात, नखं वरच्या बाजूने सालीत रुततात आणि सगळं अंग त्या नखांवर लटकत खाली सरकतं. मांजराला हे जमत नाही, त्याला शेपटीकडून उतरावं लागतं. साध्या फोटोसाठी एका सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ शटर उघडं असावं. डिजिटल झूम वापरू नका. एकदम बरेच फोटो घ्या आणि डोळा ठसठशीत आलेले तेवढे ठेवा.

करड्या खारींसारख्या काही जाती दाणे एकेक करून वेगवेगळ्या खड्ड्यांत पुरतात. दुसरी खार बघते आहे असं वाटलं तर खड्डा खणून, काही न टाकता, वर माती थोपटून पुढे जातात. म्हणजे शुद्ध बनवाबनवी! कुंड्यांतली उकरलेली माती त्यामुळेच. रोपं वाचवायची असतील तर कुंडीच्या मातीवर लिंबाएवढे दगड दाटीने मांडा. मिरची पूड टाकण्याच्या भानगडीत पडू नका, पावसाने ती वाहून जाते आणि प्राण्यांच्या डोळ्यांत गेली तर हाल होतात.

न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी पावलांचा ट्रे करा. साधारण ६० × ४० सेंटिमीटरचा सपाट ट्रे, त्यात एक सेंटिमीटर बारीक चाळलेली वाळू, वर पाण्याचा फवारा. वाळू बोटाने दाबल्यावर बोटाच्या रेषा उमटतील इतपतच ओली हवी. कोरडी ढासळते, फार ओली चिकटून वर येते. ट्रे भिंतीला लागून ठेवा, कारण लहान प्राणी मोकळ्यातून न जाता कडेने जातात. उड्या मारत गेलेल्या खारीचे मागचे मोठे पाय पुढे उमटतात आणि पुढचे छोटे मागे, जोडीने शेजारी शेजारी. मांजराचा ठसा गोल, चार बोटांचा, नखांविना. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात.

आधी पाणी, मग जमलं तर दाणे

एकच गोष्ट करायची असेल तर पाणी ठेवा. भांडं पसरट, खरबरीत, कडेला अडीच आणि मध्ये जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर खोल. गुळगुळीत स्टीलचं किंवा प्लास्टिकचं भांडं असेल तर मध्ये एक दगड पाण्याबाहेर डोकावेल असा ठेवा, मधमाश्या आणि फुलपाखरं त्यावर उतरतात. पाणी रोज ओतून टाका आणि भांडं घासा. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज उपसलेल्या पाण्यात तो वाढू शकत नाही. आठवडाभर विसरलेलं भांडं मात्र डासांचा कारखाना. भांडं झुडपापासून दोन-तीन मीटरवर असावं. त्याहून जवळ मांजर दबा धरतं, फार लांब ठेवलं तर पक्ष्यांना पळून लपायला आडोसा उरत नाही. उघडी बादली किंवा हौद असेल तर त्यात खरबरीत फळी तिरकी टेकवून ठेवा. गुळगुळीत भिंतीच्या पाण्यात पडलेली खार पोहून पोहून दमते आणि बुडते.

खाण्याबद्दल मत स्पष्ट आहे. रोज खाऊ घालण्यापेक्षा फळं, बिया आणि फुलं देणारं तिथलंच एखादं झाड लावलेलं केव्हाही चांगलं. तरीही ठेवायचंच असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा, एक छोटी मूठ, अर्ध्या तासात संपेल एवढंच. उरलेलं संध्याकाळी गोळा करा. सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर साप. "अंगणात अचानक साप कुठून आला" याचं उत्तर पुष्कळदा दाण्यांच्या थाळीत असतं.

शेंगा टरफलासकट द्या. दातांना काम मिळतं आणि बघणाऱ्यालाही वेळ मिळतो. मीठ लावलेलं, तळलेलं, गोड, पाव, बिस्किटं, दूध यातलं काहीही नको. नुसते शेंगदाणे किंवा सूर्यफुलाच्या बिया हेही चालणार नाही, त्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. त्यावरच वाढलेल्या खारीची हाडं ठिसूळ होतात. कुबट वास येणारे दाणे सरळ कचऱ्यात, बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खराब करतं. हातातून भरवू नका. चावा हा एक भाग झाला. माणसाची भीड चेपलेली खार पुढे अंगणाबाहेरच्या प्रत्येक माणसाजवळ, कुत्र्याजवळ आणि रस्त्याजवळ जाऊ लागते, आणि तिथे सगळे आपल्यासारखे नसतात.

पक्ष्यांची थाळी दर आठवड्याला एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळवूनच परत मांडा. पिसं फुगवून, डोळे मिटून थाळीजवळच बसून राहिलेला पक्षी दिसला तर खाणं दोन आठवडे बंद ठेवा. थाळीवरची गर्दी रोग पसरवते. काचेवर पक्षी आपटत असतील तर थाळी खिडकीपासून एक मीटरच्या आत आणा (तेवढ्या अंतरात वेग येत नाही) किंवा दहा मीटरपलीकडे न्या, आणि काचेला बाहेरून पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके चिकटवा. एकटंदुकटं घारीचं चित्र लावून उपयोग होत नाही.

दुर्बीण

अंगणासाठी ८×३२ किंवा ८×४२ पुरे. ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. मावळतीच्या उजेडात हा आकडा कामाला येतो. दहा पटीच्या वरची दुर्बीण हातात थरथरते आणि खार चौकटीत सापडेपर्यंत निघून जाते. विकत घेताना एकच गोष्ट नक्की तपासा, किती जवळचं स्पष्ट दिसतं. दोन मीटरचं दिसत असेल तर फुलपाखरं आणि सरडेही बघता येतात. चार-पाच मीटरच्या आतलं धूसर दिसणारी अंगणात निरुपयोगी.

बहुतेकांची दुर्बीण लावताना चुकते ती इथे: आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून स्पष्ट करा. कडी कुठे आली ते लक्षात ठेवा, कारण घरात प्रत्येकाची जागा वेगळी असते. चष्मेवाल्यांनी रबरी वाट्या आत दाबाव्यात. लहान मुलांना दुर्बीण द्यायची घाई करू नका. त्यांना आधी नुसत्या डोळ्यांनी बोट दाखवता यायला हवं, नाहीतर दुर्बिणीत फक्त पानं फिरतात.

रात्री

ट्रेल कॅमेरा (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा) लावला तर घरातले झोपलेले असताना काम चालू राहतं. त्याचा संवेदक अंगाची ऊब आणि हालचाल पकडतो, म्हणून खिडकीच्या काचेआडून तो चालत नाही; काच ती ऊब अडवते. बाहेर, जमिनीपासून ३० ते ५० सेंटिमीटरवर, वाटेपासून दीड ते तीन मीटरवर बांधा. वाटेवर थेट काटकोनात रोखण्यापेक्षा थोडा तिरका ठेवा म्हणजे प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे तोंड नको. समोरचं गवत आणि लोंबणाऱ्या फांद्या छाटा, नाहीतर सकाळी उन्हाने तापलेल्या आणि हलणाऱ्या पानांचे चारशे फोटो बघावे लागतात. रात्रीच्या फोटोसाठी त्यात अवरक्त दिवा असतो; ८५० नॅनोमीटरच्या दिव्याचा लालसर ठिपका अंधारात दिसतो, ९४० चा दिसत नाही पण फोटो जरा अंधारा येतो. शेजाऱ्याचं दार किंवा खिडकी चौकटीत येत नाही ना, हे आधी बघून घ्या.

पतंग बघायला पांढरी चादर दोरीवर टांगा आणि तिच्यावर दिवा सोडा. तास-दोन तासांनी दिवा बंद करा. रात्रभर ठेवला तर कीटक दमून मरतात आणि सकाळी पक्षी चादरीवरच न्याहारी करतात. बेडूक, पाली बघताना टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. वटवाघूळ जमिनीवर पडलेलं दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका, रेबीजची शक्यता असते. खारींत रेबीज क्वचितच आढळतो, तरी कुठल्याही रानटी प्राण्याने चावा घेतला की साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. साप दिसला तर मुलं-कुत्रं आत, नजर सापावर, आणि अंतर ठेवून सर्पमित्राला फोन.

खार घरात आली तर, पिल्लू पडलं तर

खोलीत शिरलेल्या खारीमागे झाडू घेऊन धावू नका. आतली दारं बंद, एक खिडकी सताड उघडी, बाकीच्यांवर पडदे, दिवा बंद आणि माणसं बाहेर. ती उजेडाकडे जाते.

पंख्याच्या झरोक्यात किंवा छताच्या फटीत घरटं केलं असेल तर भोक लगेच बुजवणं ही सगळ्यात महागाची चूक. आत पिल्लं असतील तर आई तारा आणि लाकूड कुरतडून आत जाते, नाहीतर पिल्लं आत मरतात आणि वास सुटतो. भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल खोवा. सकाळी बाहेर पडला असेल तर वापर चालू आहे, काही आठवडे थांबा आणि पुन्हा तपासा. चांगल्या हवेचे सलग दोन-तीन दिवस बोळा जागचा हलला नाही तर आत कुणी नाही. मग एक सेंटिमीटरहून बारीक छिद्रांची धातूची जाळी स्क्रूने बसवा. फोम, प्लास्टिक आणि लाकूड ती एका दुपारी कुरतडते.

पडलेल्या पिल्लासाठी क्रम महत्त्वाचा:

१. रक्त, माश्यांची अंडी किंवा मांजराच्या दाताची खूण असेल तर वाट न बघता पशुवैद्य किंवा वन्यजीव बचाव गट गाठा. मांजराच्या लाळेतले जंतू बारीक ओरखड्यातूनही मारतात.

२. धड असेल पण अंग गार लागत असेल तर आधी ऊब. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा पिल्लाला सरकता येतं. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात.

३. तोंडात दूध, पाणी काहीही घालू नका. ते फुप्फुसात जातं, आणि गाईच्या दुधाने हगवण लागते.

४. उघडं खोकं त्याच झाडाला, हात पोचेल तेवढ्या उंच, सावलीत बांधा. सगळ्यांनी घरात जा. माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. माणूस जवळ उभा असतो म्हणून ती खाली येत नाही.

५. अंधार पडायच्या तासभर आधीपर्यंत थांबा. ती रात्री येणार नाही. तोवर नेलं नाही तर पिल्लू आत घ्या आणि बचाव गटाला कळवा. पाळायचा विचार करू नका, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे.

कागदावरचा हिशेब

महिनाभराने खिडकीवरचा कागद वहीत उतरवा. तारीख, वेळ, हवा, किती मिनिटं बघितलं, काय, कुठे, काय करत होतं. "किती मिनिटं" हा रकाना लोक गाळतात आणि मग वीस मिनिटांतल्या पाच खारी आणि दोन तासांतल्या पाच खारी सारख्याच दिसतात. दुसरा घोळ मोजणीचा. एकच खार पाच वेळा आली तर त्या पाच नोंदी झाल्या, पाच खारी नव्हेत. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये स्वयंसेवकांनी खारींची गणना केली तेव्हा ३,०२३ नोंदी झाल्या, पण त्यावरून काढलेला खारींचा अंदाज होता २,३७३. घरी त्यावर सोपा उपाय म्हणजे एका वेळी एकदम दिसलेल्या जास्तीत जास्त खारींचा आकडा लिहावा. ओळख पटवायला फाटका कान, तुटकं शेपूट, पट्ट्यांमधला खंड अशा खुणा शोधा.

जात ओळखता येत नसेल तर फोटो आयनॅचरलिस्ट या ॲपवर टाका, पक्ष्यांच्या आवाजासाठी मर्लिन हे ॲप आहे. १९९८ पासून दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना होते, त्यात किमान १५ मिनिटं एका जागी पक्षी मोजायचे असतात, म्हणजे एका वेळची भांडी. घराचा नेमका पत्ता कळेल असं स्थान उघड ठेवू नका, ते धूसर करायची सोय ॲपमध्ये असते.

काहीच दिसलं नाही त्या दिवशीही वेळ लिहून पुढे शून्य लिहा. लागोपाठ तीन-चार सकाळी शून्य आलं तर बाहेर जाऊन पाण्याचं भांडं, कापलेली फांदी आणि कुंपणावर नवीन आलेलं मांजर, या क्रमाने तपासा.